शंभर तासांचा पॅक घेतलात? अभिनंदन!

(हे २००० सालाच्या आसपासचं, टेलिफोनच्या लाइनीवरून नंबर फिरवून इंटरनेट लावायच्या डायल-अप जमान्यातलं.) इंटरनेटचा शंभर तासांचा पॅक घरी आणलात, छान केलंत. आता तो वापरायचा कसा ते समजून घ्या, कारण पाकिटावर ते लिहिलेलं नसतं.

आधी घरच्यांना विश्वासात घ्या. मोडेम, म्हणजे कॉम्प्युटरला टेलिफोनवरून नेटला जोडणारं यंत्र, आणि आजींचा फोन एकाच लाइनीवर. तुम्ही नेटवर असताना आजींनी आतल्या खोलीतला रिसीव्हर उचलला, की त्यांना कानात किंचाळी ऐकू येते आणि तुमचं कनेक्शन जातं. कॉल वेटिंगही बंद करून घ्या. ती टुकटुक मोडेमला सोसत नाही.

मग वेळ निवडा. संध्याकाळी सात ते मध्यरात्र डायल करण्यात अर्थ नाही. ठाण्यातला आमचा अख्खा नौपाडा गाढ झोपला की पहाटे उठून बसायचं. तेव्हाही जमलं नाही तर काही आकडे पाठ असू द्यात. एरर ६७६ म्हणजे एंगेज. ६७८ म्हणजे पलीकडे कुणी उचलतच नाही. ६९१ म्हणजे पासवर्ड चुकला, अर्थात तुमचा पासवर्ड बरोबर आहे आणि नेट विकणाऱ्या कंपनीचं काहीतरी बिघडलंय.

वेगाबद्दल कुरकुर नको. जाहिरातीतले ५६ के म्हणजे सेकंदाला ५६ हजार बिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे कागदावरसुद्धा सेकंदाला सातच केबी. पावसाळ्यात पाचपाखाडीतल्या खांबावरच्या डब्यात पाणी शिरलं की तीन मिळाले तरी देव पावला म्हणा. मग एक एमबीची फाइल यायला साडेपाच-सहा मिनिटं लागतात. तेवढ्यात चहा होतो.

डाउनलोड ९७ टक्क्यांवर आलं की जागचे हलू नका.

तक्रार असेल तर ई-मेल करा. हो, ई-मेलच.

हेल्पलाइनही आहे म्हणा. बराच वेळ पेटीसंगीत ऐकल्यावर एक गोड मुलगा येतो आणि म्हणतो, "सर, मी होल्ड करतो, तुम्ही आत्ता कनेक्ट करून बघा." कशावरून कनेक्ट करू बाळा? ज्या लाइनीवर तू बसलायस, तिच्यावरून? मग तो विंडोज ९८ची सीडी मागतो. तेही झाल्यावर दोष टेलिफोनच्या लाइनीचा. लाइनमन येतो, रिसीव्हर कानाला लावतो, "डायल टोन येतोय ना? मग लाइन ओके आहे," म्हणतो आणि जिना उतरतो.

आता मुख्य विद्या. घरी झोपलेलं असताना इंटरनेटवर कसं असावं? ही मला गेल्या गुरुवारी रात्री प्राप्त झाली. पाऊस कोसळत होता, लाइन खरखरली आणि कनेक्शन तुटलं. पुन्हा डायल केलं. एंगेज, एंगेज, एंगेज. शेवटी लागलं, मोडेमचं किंचाळून झालं, आणि उत्तर आलं की हा युजर आधीच लॉग-इन आहे. कोण आहे? मी आहे! मी इथे खुर्चीत बसलोय, मोडेम गप्प आहे, पण लाइन तुटल्याचं कंपनीच्या मशीनला कळलेलंच नाही. त्यामुळे तिथला मी अजून नेटवर, आणि इथल्या मला प्रवेश बंद. वर त्या नकाराचाही कॉल लागलेला असतो, म्हणजे टेलिफोनचं मीटर पडलंच. वैतागून झोपलो. सकाळी शिल्लक तास बघितले तर अख्खी रात्र माझ्या नावावर! विचारलं तर गोड मुलगा म्हणतो, "सर, पासवर्ड कुणाला दिला होता का?" म्हणजे चोर कोण, तर आमच्याच घरातलं कुणीतरी! पुरावा तरी कुठून आणू? टेलिफोनच्या बिलात लोकल कॉलचा नुसता एकूण आकडा येतो, कुठला कॉल कधी तुटला ते त्यात नसतं. हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

तास उरतील ही भीती नको, मुदत संपली की उरलेले आपोआप बुडतात.

पुरे झाली थट्टा. अहो, १९९५च्या ऑगस्टमध्ये इंटरनेट आलं तेव्हा विकणारी सरकारी कंपनी एकच होती, आम्ही गप्प बसलो. नोव्हेंबर १९९८मध्ये खासगी कंपन्यांना दार उघडलं तेव्हा वाटलं, आता चढाओढीत सुधारेल. सुधारली ती फक्त जाहिरात. कंपनीवाल्यांनो, तुम्ही ज्या डिजिटल लाइनी घेता, त्यातल्या एकीवरून एका वेळी तीसच माणसं येऊ शकतात. किती लाइनी घेतल्यात ते तुम्हाला माहीत, किती पॅक विकलेत तेही माहीत. म्हणजे संध्याकाळी एंगेज लागणार हे पैसे घेतानाच माहीत असतं. तरी राम मारुती रोडवर टेबल टाकून सीड्या वाटत सुटता! लाज वाटत नाही? आधी लाइनी वाढवा, मग पॅक विका. कनेक्शन तुटलं की तुमचं घड्याळ त्याच क्षणी थांबलं पाहिजे. थांबवता येत नसेल तर तासांवर पैसे लावू नका. आणि पासवर्ड कुणाला दिला हे मला परत विचारायचं नाही. गुरुवारच्या रात्रीचे माझे तास खात्यात परत टाका.