नावाची शांता, आवाज मोठा

संक्रांतीला आणि नवरात्रात सोलापुरात गल्लोगल्ली ‘खेळ पैठणीचा’ रंगतो. मंडप, स्पीकर, फुगे फोडायची शर्यत, उखाणे, शेवटी पैठणी. त्याचे व्हिडिओ इथे ब्रिटनमध्ये आमच्या मोबाइलवर त्याच रात्री येऊन पडतात. बायका त्यात मनापासून हसतात, घरातून दोन तास सुटतात, हे चांगलंच आहे. पण माइक बहुतेक वेळा निवेदकाच्या हातात असतो आणि त्याच्या विनोदाचा विषय असते समोर उभी असलेली बाई. तिचं वजन, तिचा रंग, नवऱ्याचं नाव घेताना तिचं अडखळणं. मग दरवर्षीचा वाद सुरू होतो. एकजण म्हणतो, हा अपमान आहे, बंद करा. दुसरा म्हणतो, विनोद म्हणून घ्या की, बायका स्वतःच हसताहेत ना.

या भांडणात एक गोष्ट कायम सुटते. बाईने स्वतःबद्दल, स्वतःच्या शब्दांत विनोद रचला तर तिला स्वतःकडे बघायची नवी नजर मिळते, आणि हे शिकता येतं. आपल्याकडे ते होतंच. हादग्याच्या फेरात पोरी वेड्या नवऱ्याच्या वेंधळेपणावर हसतात. जात्यावरच्या ओव्यांत सासूला चिमटे असतात. नाथांच्या भारुडातली सून तर भवानीला नवस बोलून अख्खं सासर बाजूला करून मागते. बायकांच्या त्या फेरात निवेदक नव्हता. मंडप आणि स्पीकर आले, आणि हसवण्याचं काम दुसऱ्याकडे गेलं.

ब्रिटनमध्ये माइक बाईच्या हातात द्यायचे प्रयत्न बरेच झाले आहेत. लिन पार्कर यांनी 2002 साली ‘फनी विमेन’ ही संस्था सुरू केली. ती बायकांसाठी विनोदाच्या कार्यशाळा आणि स्पर्धा घेते. अशा वर्गांना कलाकार व्हायचं नसलेल्या बायकाही जातात, चारचौघांत बोलायला धीर यावा म्हणून. हे सोलापुरात जरूर यावं. पण इथली एक खोड तिकडे येऊ नये असं मला तळमळीने वाटतं. इथे स्वतःला चारचौघांत कमी लेखणं ही सभ्यता समजली जाते. बाईने मंचावर येऊन आधी स्वतःच्या शरीराची चिरफाड करायची, मग लोक तिला आपली मानणार. ऑस्ट्रेलियातले विनोदकार हॅना गॅड्सबी यांनी 2018 मध्ये जगभर पाहिल्या गेलेल्या कार्यक्रमात यावरच बोट ठेवलं: आधीच कडेला ढकललेल्या माणसाने स्वतःची खिल्ली उडवणं ही नम्रता नव्हे, मानहानी आहे.

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये विनोदाच्या सवयी मोजणारी 32 विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात चार प्रकार आहेत: माणसं जोडणारा विनोद, स्वतःला सावरणारा, दुसऱ्याला टोचणारा आणि स्वतःला खाली पाडणारा. सावरणारा विनोद करणाऱ्यांत आत्मसन्मान जास्त दिसला. खाली पाडणाऱ्या विनोदासोबत चिंता, नैराश्य आणि कमी आत्मसन्मान दिसला. कशामुळे काय होतं हे त्यातून सिद्ध होत नाही, पण बायकांचा असा विनोदाचा गट चालवणाऱ्या बाईला कान कुठे लावायचा ते नक्की कळतं.

फरक ऐकायला बारीक असतो, म्हणून एक उदाहरण सावकाश पाहू. मोठ्या आवाजावरून आयुष्यभर बोलणी खाल्लेली बाई म्हणते, ‘माझा आवाज म्हणजे गिरणीचा भोंगा, कानात बोळे घाला.’ सगळ्या हसतात, तीही हसते. पण घरचे जे म्हणत आले तेच तिने त्यांच्यापेक्षा जोरात म्हटलं, एवढंच झालं. आता तीच बाई म्हणते, ‘माझा आवाज मोठा आहे. पोरं मागच्या गल्लीत खेळत असली तरी जेवायला बोलवायला मला मोबाइल लागत नाही. परवा शेजारणीचीही पोरं जेवायला आली.’ अतिशयोक्ती दोन्हीकडे आहे. पहिलीत खोट फुगवली, दुसरीत उपयोग फुगवला. दुसरीत आवाज लपवायची गरजच उरली नाही, आणि हसणाऱ्या तिच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या.

हास्यक्लबने हे होईल का, असं विचारलं जातं. डॉ. मदन कटारिया यांनी 13 मार्च 1995 ला मुंबईत पहिला हास्यक्लब सुरू केला आणि ती चळवळ जगभर पोचली. पण तो मुख्यतः श्वासाचा आणि शरीराचा व्यायाम आहे. स्वतःबद्दल काय म्हणायचं, हा प्रश्न त्यात येत नाही. दोन्ही करावं, पण एकाला दुसरं समजू नये.

सोलापुरात बचत गट आधीच आहेत, त्यामुळे असा विनोदाचा गट चालवायला नवी यंत्रणा उभारायची गरज नाही. एका फेरीत आठ ते बारा बायका, आठवड्यातून एकदा, दीड तास, सहा बैठका. बारापेक्षा जास्त झाल्या की प्रत्येकीची पाळी येत नाही आणि शांत बायका मागे बसून राहतात. सासू-सुना, जावा-जावा एका फेरीत नकोत. दिवस ठरवताना नळाला पाणी यायचा दिवस टाळा, नाहीतर निम्म्या येणार नाहीत. पूर्वभागात विडी कामगार बायका असतील तर विड्या कारखान्यात देऊन आल्यावरची वेळ विचारून घ्या. एप्रिल-मेमध्ये ऊन उतरल्याशिवाय कोणाला बोलवू नका. आणि याला हळदीकुंकू म्हणू नका. विधवा, परित्यक्ता, लग्न न केलेल्या बायका त्या एका शब्दाने दाराबाहेर राहतात, आणि त्यांच्याकडे सांगण्यासारखं सगळ्यात जास्त असतं.

सतरंजीवर गोल बसायचं. माइक नको, कॅमेरा नको, सगळे मोबाइल एका दुरडीत, दुरडी दाराशी. सुरुवातीला दहा मिनिटं फुगडी किंवा झिम्मा, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी टाळ्यांचा ताल धरायचा. मग प्रत्येकीने एकच वाक्य पुरं करायचं: ‘घरचे म्हणतात, मी फार...’ जाडी, काळी, हट्टी, विसराळू, जे असेल ते. त्यावर कोणी बोलायचं नाही. मग वीस मिनिटं जोडीजोडीने काम. त्या शब्दाबद्दल तीन वाक्यं करायची: पहिलं खरं घडलेलं, दुसरं त्याचा झालेला उपयोग, तिसरं अनपेक्षित वळण. लिहिता येत नसेल तर जोडीदारीण पाठ करते. मग प्रत्येकीला एक मिनिट, घड्याळाच्या गजराने मोजून. एक मिनिट कमी वाटतं, पण त्यामुळे बोलक्या बाईला लगाम बसतो आणि अबोल बाईला धीर येतो. सुरुवात गट चालवणारीने स्वतःच्या मिनिटाने करायची. ती फक्त ऐकत बसली तर ती परीक्षक वाटते. शेवटची पंधरा मिनिटं एकाच प्रश्नाला: आज कोणतं वाक्य बोचलं?

पहिल्या बैठकीत हमखास बिघडतं ते असं, की सगळ्या सासूवर किंवा शेजारणीच्या अंगावर घसरतात. रागावू नका. ‘ती राहू दे, त्या वेळी तू काय करत होतीस?’ एवढंच विचारा. परिस्थितीवर, नियमावर, रीतीवर हसायला पूर्ण मुभा ठेवा. कारखान्यातून मिळतं तेवढ्या पानात हजार विड्या बसवायच्या, ही विडी कामगारांची जुनी तक्रार आहे, आणि त्या हिशेबावर बायका फार धारदार बोलतात. ते हसणं अगदी योग्य ठिकाणी लागतं.

भाषेकडेही लक्ष हवं. गटात तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या बायका असतील तर शब्दांची कोटी निम्म्यांच्या डोक्यावरून जाते. प्रसंग सांगायचा, हातवारे करायचे. बोलणारीने आधी आपल्या भाषेत सांगावं, मग शेजारी बसलेलीने मराठीत.

ताज्या जखमेवर विनोद मागू नका. सांगताना गळा दाटतो ती गोष्ट या महिन्यात नको. कधी हसता हसता मारहाणीची गोष्ट बाहेर येते. तिथे खेळ थांबवायचा, वळण शोधायचं नाही. नंतर तिला बाजूला घेऊन ऐकायचं, 181 हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक द्यायचा, आणि तिची इच्छा असेल तरच पुढचं पाऊल. हे आधी ठरवलेलं नसेल तर गट सुरूच करू नये, या मतावर मी ठाम आहे.

तिसऱ्या-चौथ्या बैठकीत उखाणा घ्यावा, फक्त नाव स्वतःचं. यमक सगळ्यांना येतं, त्यामुळे भीती कमी असते. मोठ्या आवाजाच्या त्या बाईचं नाव शांता धरलं, तर असा होईल:

भाकरीवर चटणी, चटणीवर तेल,
नावाची शांता, आवाज मोठा, झेपेल त्याने झेल.

असा उखाणा पाठ असलेली बाई पुढच्या पैठणीच्या खेळाला जाईल तेव्हा निवेदकाने ‘वहिनी, स्टेज मोडेल हं’ म्हटल्यावर तिला काय करायचं ते शिकवून ठेवा. उलट टोमणा मारायची गरज नाही, हसायचीही नाही. शांतपणे विचारायचं, ‘यात हसायचं काय आहे, जरा समजावून सांगा.’ टोमणा समजावून सांगावा लागला की त्याचा दम जातो, आणि मंडपात सगळ्यांना ते दिसतं.

सहाव्या बैठकीला घरच्या पुरुषांना बोलवायचं का, यावर गटांत मतभेद होतील. पहिल्या फेरीत बोलवू नये असं माझं मत. नवरा समोर दिसला की तीन वाक्यांतलं पहिलंच बदलतं. दुसऱ्या फेरीत बायकांनीच बोलवायचं ठरवलं तर खुशाल बोलवा, पण सतरंजीच्या कडेला बसवा, मोबाइल दुरडीत घ्या, आणि त्यांनाही तेच अर्धवट वाक्य पुरं करायला लावा: ‘घरचे म्हणतात, मी फार...’