की दिली तरी राउटर पासवर्डच मागतो!

एकाच घरात दोन राउटर. एक खाली आई-बाबांकडे, एक वर आमच्याकडे, दोन्हीवर ओपनडब्ल्यूआरटी, म्हणजे राउटरवर चालणारी लिनक्स सिस्टीम. वरच्याने रात्री दोन वाजता एसएसएचने (एका मशीनमधून दुसऱ्यात शिरायची सोय), पासवर्डऐवजी की वापरून खालच्यात शिरायचं आणि सेटिंगचा बॅकअप घेऊन यायचं, इतकंच काम आहे बावा! नागपूरचा मे महिना, पारा ४५ च्या वर, त्यात लाईटचं जाणं-येणं. कोणता डबा कधी उडेल भरवसा नाही, म्हणून हा बॅकअप पाहिजे.

आणि जो तो सांगून राहिला, 'सोपं आहे, दोन कमांड मार, एकीने की बनव, दुसरीने पलीकडे टाक.' कोणाला सांगता राजेहो? तुमच्या त्या दोन कमांड ओपनएसएसएच या प्रोग्रॅमच्या, मोठ्या सर्व्हरवरच्या. राउटरवर त्याच कामाचं छोटं ड्रॉपबेअर असतं, १६ एमबीच्या फ्लॅश मेमरीतही मावणारं. ते रूटची, म्हणजे मुख्य युजरची, पब्लिक की (हे कुलूप समजा, प्रायव्हेट की ही किल्ली) ईटीसीतल्या ड्रॉपबेअर फोल्डरमधल्या ऑथराइज्ड कीज फाइलमध्ये शोधतं. तुम्ही सांगता, रूटच्या डॉट एसएसएच फोल्डरमध्ये टाक. टाकली. झालं काय? काहीच नाही. 'की सापडली नाही' इतकंही बोलत नाही, गुपचूप पासवर्ड मागतं. फाइलची परवानगी जराशी सैल असली तरी तेच! कारण लिहिलेलं असतं, पण पलीकडच्या राउटरच्या लॉगमध्ये. अडलेला माणूस इकडे बसलाय ना!

प्रायव्हेट कीचा ताप वेगळाच. लॅपटॉपवर ओपनएसएसएचच्या एसएसएच-कीजेनने बनवलेली की राउटरवर नेली की उत्तर येतं, 'स्ट्रिंग टू लाँग'. अरे, काय लाँग? कोणती स्ट्रिंग? सरळ म्हण की हा फॉरमॅट मला वाचता येत नाही, ड्रॉपबेअरकीने नवीन बनव किंवा ड्रॉपबेअरकन्व्हर्टने बदलून आण. त्या तीन शब्दांवरून हे कोणाला कळणार आहे? आणि एक राउटर जुन्या ओपनडब्ल्यूआरटी १९.०७ वर असला, तर एडी२५५१९ या प्रकारची कीसुद्धा चालत नाही, कारण ड्रॉपबेअरमध्ये ती २०२० साली आली. हेही कोणी सांगत नाही.

सगळ्यात संताप अपडेटचा येतो. सेटिंग जपून दोन्ही राउटर अपडेट केले, तर खालच्याच्या ईटीसीतली ऑथराइज्ड कीज राहते, पण वरच्यावरची रूटच्या डॉट एसएसएचमधली प्रायव्हेट की साफ. म्हणजे कुलूप जागेवर, किल्ली कचऱ्यात! सोबत नोन होस्ट्स, म्हणजे ओळखीच्या मशीनची यादीही उडते. मग नवीन की करून दिली, तरी रात्री दोनला ते विचारतं, 'हा होस्ट ओळखीचा नाही, पुढे जाऊ का?' त्या वेळी हो म्हणायला कोण बसलंय तिथे? काम तिथेच मरतं आणि बॅकअपच्या फोल्डरमध्ये जुनीच फाइल पडून राहते. खालचा राउटर उडाला की मगच कळणार!

सिसअपग्रेड डॉट कॉन्फमध्ये (अपडेटच्या वेळी काय जपायचं त्याची यादी) रूटच्या डॉट एसएसएच फोल्डरचं नाव टाकलं की हे सगळं वाचतं. एक ओळ! तुमच्या त्या दोन कमांडच्या खाली ही तिसरी ओळ लिहायला काय जातं रे तुमचं?