मालक घरी आहेत का?

शहराचा शाश्वत वाहतूक आराखडा तयार करायचं काम तुमच्याकडे आलंय? अभिनंदन! काम दिसतं तेवढं अवघड नाही. मागच्या महिन्यात आमच्या दारी सर्वेक्षणाचा मुलगा येऊन गेला, तेव्हापासून मीही या विषयातली जाणकार झाले आहे. जे शिकले ते फुकट वाटतेय, घ्या.

सुरुवात दारावरच्या बेलपासून. दार बाईनं उघडलं तर तिच्या खांद्यावरून आत बघत विचारावं, ‘‘मालक आहेत का?’’ मालक चहाचा कप घेऊन बाहेर येतात. काल कुठून कुठे गेलात? घर ते ऑफिस, ऑफिस ते घर. वाहन? दुचाकी. अंतर? अकरा किलोमीटर. कशी सरळ रेघ! नकाशावर काढायलाही सोपी. मग जाता जाता, ‘‘आणि वहिनी?’’

‘‘ती घरीच असते.’’

फॉर्मवर शून्य. (नवऱ्याला बोल लावू नका. तो निघतो तेव्हा मी घरी असते, परतल्यावरही घरीच दिसते. मधलं त्याला कुठून कळणार?) मी तेव्हा दारातच उभी होते, हातात दळणाचा डबा, नुकतीच गिरणीतून आलेली. ती फेरीसुद्धा धरली नाही हो!

रस्ता गाड्यांसाठी आखावा, माणसांनी आपापलं बघावं. माणसं हलवा, वाहनं नव्हे, असं राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात २००६ सालीच लिहून झालंय. लिहिलेलं पुन्हा करून कशाला दाखवायचं?

पदपथाची कडा १५० मिलिमीटरहून उंच नको, असं रस्त्यांची मानकं ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस सांगते. सांगू दे. गुडघ्यांना व्यायाम होतो.

मुखपृष्ठावर सायकलवाला हवाच. हेल्मेट, पाठीला लॅपटॉपची बॅग, वय अठ्ठावीस. कॅरियरला मेथीची जुडी आणि पुढच्या दांडीवर पोर असलेली बाई काढू नका, चित्र बिघडतं.

८ मार्चला एक गुलाबी बस सोडा. नारळ, फुगे, फोटो. भाषणात मुंबईची लेडीज स्पेशल आणावी, ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली सुरू झालेली. ती लोकल अजून धावते, आपली बस १० मार्चला कुठे असते ते विचारायला कोणी येत नाही.

स्वच्छतागृहाचा विषय निघाला तर चहा मागवा.

आता मुख्य कलम, बसमार्गांचं सुसूत्रीकरण. शब्द किती गोड! आमच्या कोपऱ्यावरून एक बस जायची. शाळा, सरकारी दवाखाना, मंडई, सगळं तिच्याच वाटेवर. गेल्या वर्षी तिचे तीन तुकडे केले आणि म्हणाले, आता ही मेट्रोला पूरक. मेट्रो जाते आयटीवाल्यांकडे. मला आयटीत काय काम? मला सासऱ्यांना ड्रेसिंगला न्यायचं असतं. म्हणून आता असं : मुलीला शाळेत सोडायचं, एक बस. तिथून सासऱ्यांना घेऊन दवाखाना, दुसरी. त्यांना घरी सोडून अर्ध्या दिवसाच्या कामावर, तिसरी. परतताना मंडई, दोन्ही हातांत पिशव्या, चौथी. मुलीला क्लासमधून आणायचं, ते चालतच, कारण त्या वेळी बस नसतेच. आणि दर चढण्याला नवं तिकीट! नवरा अकरा किलोमीटर एकदम जातो. मी तेवढंच अंतर तुकड्यातुकड्यानं जाते, म्हणून दर तुकड्याचे पैसे वेगळे मोजते. दुपारी बारा ते चार गाड्या कमी, कारण तेव्हा म्हणे ‘मागणी नसते’. मागणी थांब्यावर उन्हात उभी असते, साहेब! कडेवर पोर घेऊन असते, हातात एक्स-रेचं पाकीट घेऊन असते. ऑफिसला जात नाही, म्हणून ती तुमच्या तक्त्यात बसत नाही, एवढंच.

आणि हिरवं, हिरवं काय सांगता आम्हाला? शेती सोडून इतर कामासाठी बाहेर पडणाऱ्या बायकांपैकी साधारण ४५ टक्के पायी जातात आणि पुरुष २७ टक्के, हे २०११ च्या जनगणनेतलं आहे, माझ्या मनातलं नाही. आम्ही आधीपासूनच शाश्वत आहोत. जागृतीचं शिबिर दुचाकीवाल्यांसाठी घ्या, आम्हाला सावली द्या. केंद्राच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला २८९ मिनिटं निघाली, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. आणि घरचं कितीतरी काम घराबाहेर सांडलेलं असतं. गिरणी, रेशन, गॅस, शाळा, औषधं. ते करायला बाई उडत जाते का?

उपरोध बास झाला, मला जमतही नाही धड. सरळच सांगते. आकडे चुकीचे आहेत तुमचे. निम्म्या शहराला न विचारता आराखडा केलात, आणि वर ‘सर्वसमावेशक’ असं छापलंत. लाज वाटायला हवी होती. त्या मुलाची चूक नाही, त्याच्या हातातल्या फॉर्मची आहे. त्यावर ‘प्रवासाचा हेतू’ या रकान्यात चारच पर्याय होते : नोकरी, शिक्षण, खरेदी, इतर. सासऱ्यांचं ड्रेसिंग ‘इतर’. पोरीला आणणं ‘इतर’. आणि ‘इतर’ पुढे बेरजेत धरत नाहीत, हे त्यानंच मला सांगितलं, बिचाऱ्यानं.

फॉर्म पुन्हा पाठवा. साडेपाचनंतर मी घरी असते. त्याआधी यायचं असेल तर थांब्यावर या. शेड मागच्या पावसाळ्यात उडालीय, बाकडं कधी नव्हतंच. उभं राहून लिहावं लागेल.