खुर्ची जप्त होते, ती तिजोरी रिकामी म्हणून नव्हे

सरकारी भूसंपादनात जमिनी गेलेल्या गावांतल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: “सरकारविरुद्ध केस जिंकून उपयोग नाही. बजेटमध्ये पैसा नसेल तर कोर्टही काही करू शकत नाही. सरकारी मालमत्तेवर जप्ती येत नाही. आणि वाढीव मोबदला म्हणजे शेतकरी-वकिलांनी मिळून केलेली तिजोरीची लूट.”

बजेटचं आधी घेऊ, कारण गोंधळ तिथेच जास्त आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०२ (३) नुसार कोर्टाचा निकाल, हुकूमनामा (डिक्री, म्हणजे कोर्टाचा बंधनकारक आदेश) किंवा लवादाचा निवाडा भागवायला लागणारी रक्कम राज्याच्या एकत्रित निधीवर, म्हणजे मुख्य तिजोरीवर, ‘भारित’ असते. कर्जाचं व्याज आणि हायकोर्टाच्या न्यायाधीशांचे पगार याच पंगतीत बसतात. भारित खर्चावर विधानसभेत चर्चा होऊ शकते, मतदान नाही. अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत ‘दत्तमत’ (मतदानाने मंजूर होणारे) आणि ‘भारित’ असे वेगळे आकडे छापतात ते यामुळेच. तेव्हा आमदारांनी पैसे नाकारले, ही सबब टिकत नाही. तरतूद अपुरी पडली तर पुरवणी मागण्या आहेत, अचानक येणाऱ्या खर्चासाठीचा आकस्मिकता निधी आहे.

तिजोरीतून पैसे काढायची परवानगी देणाऱ्या विनियोजन विधेयकात मात्र रक्कम यावी लागते, आणि त्यासाठी कुणीतरी फाईल हलवावी लागते. घोडं पेंड खातं ते इथे. निकालाची नक्कल, विधी व न्याय विभागाचा अभिप्राय, अपील करायचं की नाही, मग वित्त विभाग. तोवर मार्च उलटलेला असतो. जमीन एखाद्या महामंडळासाठी घेतलेली असेल तर “पैसे त्यांनी द्यायचे” अशी टोलवाटोलवी वरून.

जप्ती येत नाही, हे सरळ खोटं. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८२ सरकारला हुकूमनाम्यापासून तीन महिने देतं, तेवढीच सवलत. त्यानंतर दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, चालते. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या खुर्च्या, संगणक, गाडी न्यायला बेलीफ (कोर्टाचा जप्ती करणारा कर्मचारी) आल्याच्या बातम्या आपण अधूनमधून वाचतोच की! तिजोरीत खडखडाट आहे म्हणून तो येत नाही. प्रस्ताव कुठल्या तरी टेबलावर पडून असतो म्हणून येतो.

आता लूट. मोबदला वाढतो तो कोर्टात आसपासच्या खरेदीखतांचे पुरावे तपासून, म्हणजे आधीचा दर कमी होता असं ठरल्यावर. कुणी मागितला म्हणून कोर्ट वाढवून देत नाही. फुगतं ते व्याज. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात वाढीव रकमेवर ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के, पुढे दरसाल १५ टक्के व्याज होतं. २०१३ च्या कायद्यातही हेच दर आहेत. समजा, वाढीव रक्कम १० लाख आणि पैसे मिळाले दहा वर्षांनी. पहिल्या वर्षाचे ९० हजार, उरलेल्या नऊ वर्षांचे साडेतेरा लाख. म्हणजे १० लाखांवर १४ लाख ४० हजार व्याज! ते शेतकऱ्याने वाढवलं, की तारखांवर तारखा घेणाऱ्या खात्याने?

हा मेसेज वाचून कुणी दरखास्त टाकायचीच सोडली असेल, तर निकालाची तारीख पुन्हा पाहा. पैशाच्या हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला १२ वर्षांची मुदत असते.