रामाला भाला मारा, आणि फॉर-लूपचं म्हणणं

‘रामाला भाला मारा’ हे उलटं वाचलं तरी तेच राहतं, हे चौथीतल्या पोराला सांगावं लागत नाही. रा-मा-ला-भा-ला-मा-रा. आता हेच वाक्य, मधल्या मोकळ्या जागा काढून, पॅलिंड्रोम ओळखणाऱ्या त्या सुप्रसिद्ध पाच ओळींच्या प्रोग्रॅमला द्या. प्रोग्रॅमची भाषा जावा असो, पायथन असो, उत्तर एकच: पॅलिंड्रोम नाही. कारण त्याच्या मते पहिलं अक्षर ‘र’ आहे आणि शेवटचं अक्षर म्हणजे नुसता काना.

प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या आठवड्यात ऐकवला जाणारा आणि पुढे मुलाखतीच्या नोट्समधून वर्षानुवर्षं फिरणारा दावा साधारण असा असतो: ‘स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची रांग. लूप, म्हणजे तीच सूचना पुन्हापुन्हा चालवणारा कोड, लावला की एकेक अक्षर हातात येतं. लांबी मोजणं, उलटं करणं, तुकडा तोडणं, हे सगळं त्याच लूपवर चालतं. युनिकोड, म्हणजे जगभरच्या लिप्यांची चिन्हं आकड्यांनी साठवायची पद्धत, आल्यापासून मराठीलाही हेच लागू. आणि अडचण आलीच तर ती फक्त आपल्या लिपीची, इंग्रजीत काही बिघडत नाही.’ यातलं एकेक वाक्य तपासण्यासारखं आहे.

‘स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची रांग.’ कोणाची अक्षरं? शब्दकोडं सोडवणाऱ्याला विचारा, ‘विद्यार्थी’ला तो तीन चौकोन देईल: वि, द्या, र्थी. पायथनला लांबी विचारली तर १० येते. जावा आणि जावास्क्रिप्टही १० म्हणतात. गो आणि रस्ट या भाषांमध्ये स्ट्रिंगची लांबी विचारली तर ३०. स्विफ्टच्या एखाद्या जुन्या आवृत्तीत ५ आणि नव्यात ३. यातलं एकही उत्तर चुकीचं नाही, प्रत्येकजण वेगळीच वस्तू मोजतोय. ३० हे बाइट आहेत, म्हणजे साठवणुकीची एककं, कारण यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. १० हे कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडनं वेगळा आकडा दिलेली चिन्हं: व, वेलांटी, द, पायमोड, य, काना, र, पुन्हा पायमोड, थ, दुसरी वेलांटी. ५ आणि ३ ची गोष्ट शेवटी. लूप तुम्हाला यातली एखादी वस्तू देतो, आणि कोणती द्यायची हे भाषा बनवणाऱ्यांनी आधीच ठरवून टाकलेलं असतं. ‘कॅरॅक्टर’ या शब्दाचं आपण ‘अक्षर’ असं भाषांतर करतो, तिथेच पहिली ठेच लागते.

‘लांबी मोजा.’ मोजा, पण कशासाठी ते आधी ठरवा. एसएमएसमध्ये इंग्रजी मजकुराला १६० चिन्हांची जागा मिळते, मराठीला सहसा ७०. ही ७० म्हणजे यूटीएफ-१६ ची, अर्थात १६ बिटांच्या साठवणीची, एककं, म्हणजे एकटा ‘विद्यार्थी’ त्यातली १० खातो. इथे १० हेच बरोबर उत्तर, ३ निरुपयोगी. ओरॅकल या डेटाबेसमध्ये मूळ मांडणी न बदलता नावाचा रकाना ३० चा केला तर ती मोजणी बाइटची असते. ‘विद्यार्थी’ त्यात जेमतेम मावतो, ‘विद्यार्थीनं’ मावत नाही. इथे ३० बरोबर. आणि मोठ्या अभंगाचे चरण ६-६-६-४ अक्षरांचे आहेत की नाही हे तपासायचं असेल, तर तिथे बाइटही नको आणि कोडपॉइंटही नको. जोडाक्षराला एक धरणारी मोजणीच हवी. ती कोणत्याही साध्या लूपमधून आपोआप येत नाही.

‘उलटं करा, तुकडा तोडा.’ ‘मराठी’ कोडपॉइंटप्रमाणे उलटलं तर सुरुवातीला अनाथ वेलांटी येते, मग ठा, र, म. माणूस उलटेल तेव्हा ‘ठीराम’ येईल. तरी उलटवणं हा वर्गातलाच खेळ, प्रत्यक्षात कोणी फारसं करत नाही. तोडणं मात्र रोजचं आहे. यादीत नाव लांब झालं की ‘पहिली अमुक कॅरॅक्टर आणि पुढे तीन टिंबं’ हा कोड सगळीकडे असतो. ‘विद्यार्थी’ तिसऱ्यावर तोडला तर ‘विद’ उरतं, आठव्यावर तोडला तर पाय मोडलेला ‘विद्यार्’. बाइटवर तोडणारे आणखी पुढचे: चिन्हाच्या मधोमध सुरी चालली की त्या जागी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह उगवतं. प्रोफाइलच्या गोल चकतीत नावाचं पहिलं अक्षर दाखवायची पद्धत आहे ना, तिथे ज्ञानेश्वरचा ‘ज’ होतो आणि क्षितिजाचा ‘क’.

‘युनिकोड आल्यापासून हा प्रश्न मिटला.’ युनिकोडनं वेगळाच प्रश्न मिटवला. कोणतं चिन्ह कोणत्या आकड्यानं साठवायचं हे त्यानं जगभर एक केलं. देवनागरीची त्याची मांडणी भारताच्याच १९८८ च्या इस्की या संकेतमानकावरून आली. व्यंजन, मात्रा आणि पायमोड वेगवेगळे साठवायचे, जोडाक्षरं फॉंटनं जुळवायची, असं ते गणित. १२८ जागांत सगळी देवनागरी बसवायची तर ते शहाणपणाचंच होतं. पण त्याच निर्णयामुळे साठवलेली वस्तू आणि वाचलेलं अक्षर यांची फारकत झाली.

जावा आणि जावास्क्रिप्टवाल्यांची आणखी एक गोची. या दोन्ही भाषा १९९५ च्या. तेव्हा युनिकोड १६ बिटांत मावेल अशी समजूत होती, म्हणून त्यांचं एक ‘कॅरॅक्टर’ १६ बिटांचं. पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, युनिकोड २.० नं ती मर्यादा ओलांडली. देवनागरी जुन्या हद्दीत आहे म्हणून आपल्याला हे जाणवत नाही. मोडी मात्र २०१४ साली आली आणि हद्दीबाहेर बसली. मोडीचं प्रत्येक चिन्ह जावाला दोन ‘कॅरॅक्टर’ वाटतं. पेशवे दफ्तरातला एखादा कागद मोडीतच टंकून जावाच्या साध्या लूपमधून एकेक कॅरॅक्टर वाचायला गेलात, तर अर्धं-अर्धं चिन्ह हाती येईल, ज्याला स्वतःचा काही अर्थच नाही.

इथे एक उपदावा हमखास येतो: ‘नॉर्मलायझेशन करून घ्या, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका साच्यात आणा, मग सगळं एकसारखं होतं.’ अर्धंच खरं. ‘ॲप’ लिहायला २००८ पासून ॲ हे स्वतंत्र चिन्ह आहे. त्याआधीचा आणि अजूनही चालणारा मार्ग म्हणजे अ वर चंद्र. दोन्ही दिसतात एकसारखे, पण युनिकोडच्या लेखी ते समतुल्य नाहीत, नॉर्मलायझेशन त्यांना हात लावत नाही. ‘आचाऱ्यांना’ मधल्या त्या ऱ्या चं तसंच. तो नुक्त्याच्या ऱ नं लिहिता येतो, किंवा र, पायमोड आणि झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह घालून. आता ‘न दिसणारा कचरा काढून टाका’ असा एकेक कॅरॅक्टर चाळणारा लूप चालवला की तो जॉइनर जातो आणि ‘आचाऱ्यांना’चं ‘आचार्यांना’ होतं. स्वयंपाकी क्षणात गुरुजी.

‘मग निदान प्रत्येक कॅरॅक्टर अक्षर आहे की नाही एवढं तरी तपासता येतंच.’ हा पराक्रम माझा स्वतःचा आहे. एका छोट्या संस्थेच्या नोंदणीचा फॉर्म लिहिला होता. नावात आकडे आणि चिन्हं नकोत म्हणून ‘सगळी अक्षरंच आहेत ना’ हे तपासणारं पायथनचं इझ-अल्फा लावलं. चाचणीला नावं घेतली कमल, मदन, शरद. सगळी पास. दुसऱ्या दिवशी सीमा, विनोद, श्रीकांत परत यायला लागले. पायथनच्या लेखी काना, वेलांटी, पायमोड ही ‘अक्षरं’ नाहीत, जोडचिन्हं आहेत, आणि स्ट्रिंगमध्ये एक जरी जोडचिन्ह असलं तरी उत्तर नकारार्थी. माझ्या तिन्ही नावांत काना-मात्रा-वेलांटी काहीच नव्हतं हे लक्षात यायला संध्याकाळ झाली. पायथनच्या स्वतःच्या री (re) या नमुना-शोधक साधनानं शब्द शोधायला गेलात तरी तीच तऱ्हा: ‘मराठी’चे ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे पडतात.

‘इंग्रजीत काही बिघडत नाही.’ इंग्रजी लिहिणाराही हल्ली इमोजी टाकतोच. भारताचा झेंडा म्हणजे आय आणि एन या अक्षरांची दोन विशेष चिन्हं शेजारी-शेजारी. पायथनमध्ये ती स्ट्रिंग उलटा, एन-आय होतं, आणि पडद्यावर निकाराग्वाचा झेंडा फडकतो.

लूपला वाळीत टाका असं मी म्हणत नाही. स्वल्पविरामावर ओळ तोडायची, ओळी मोजायच्या, मजकुरातले आकडे शोधायचे, तर एकेक कोडपॉइंट वाचणंच योग्य. यूटीएफ-८ मध्ये तर एकेक बाइट वाचूनही चालतं: १९९२ मध्ये केन थॉम्सन आणि रॉब पाइक यांनी ती रचनाच अशी केली की आस्की या जुन्या इंग्रजी चिन्हसंचातला स्वल्पविराम दुसऱ्या कुठल्या चिन्हाच्या पोटात कधीच सापडत नाही. अक्षर माणसाच्या डोळ्यांसमोर येणार असेल, तिथे मात्र ग्राफीम क्लस्टर, म्हणजे माणसाला एकच अक्षर वाटणारा चिन्हांचा गट, मागा. स्विफ्ट ते मुळातच देतं. असे गट पाडणारा जावास्क्रिप्टचा इंटल-सेगमेंटर २०२४ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आहे. पायथनला रेजेक्स नावाचं वेगळं पॅकेज लागतं.

त्यातही एक खाच आहे. सप्टेंबर २०२३ च्या युनिकोड १५.१ आधी या क्लस्टरचे नियम पायमोडापाशी अक्षर तोडत, म्हणून ‘विद्यार्थी’ ५ भरायचा. नव्या नियमांनी तो शब्दकोड्यासारखा ३ झाला. तेव्हा तुमच्या लायब्ररीत कोणती आवृत्ती आहे ते बघा, आणि अक्षरसंख्या डेटाबेसात गोठवून ठेवू नका, लागेल तेव्हा मोजा. पॅलिंड्रोमची टेस्ट लिहिताना ‘कडक’, ‘सरस’, ‘नमन’ पास झाले म्हणून खूश होण्याआधी एकदा ‘समास’ देऊन बघा.