‘भरल्या पोटाचे चोचले’: कोपरखैरणेच्या काकांना उत्तर

नमस्कार काका,

‘मी चौसष्ट वर्षांचा आहे, मला शिकवू नका’ असं तुम्हीच प्रतिक्रियेत लिहिलंय म्हणून काका म्हणतेय, राग नसावा.

तुमची प्रतिक्रिया रविवारी रात्री वाचली. तेव्हाच उत्तर द्यायला बसले होते, मग म्हटलं आत्ता नको, डोकं शांत होऊ दे. आज बुधवार आहे आणि ते फारसं शांत झालेलं नाही, पण आता लिहितेच. ज्यांनी मागचं काही वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गेल्या लेखात मी म्हटलं होतं की मोबाइलवरचं बोलणं अक्षरं आणि इमोजीपुरतं राहायला नको, बोटाच्या खुणा आणि फोनची थरथर यांचीही भाषा होऊ शकते, आणि आपल्याकडे ती गोष्ट कोणी मनावर घेत नाही. त्यावर काकांचं म्हणणं असं की मी फोन थरथरवणाऱ्या मोटरबद्दल चुकीचं लिहिलंय, ॲपलने हा प्रकार २०१५मध्येच करून पाहिला आणि कोणी वापरला नाही, जेश्चर म्हणजे बोटाच्या खुणा डोळ्यांना दिसत नाहीत त्यामुळे वयस्कर माणसांना सापडत नाहीत. आणि शेवटचं जसंच्या तसं देते: ‘थरथर म्हणजे थरथर. डोअरबेल वाजली म्हणजे डोअरबेल काही बोलली असं होत नाही. हे सगळे भरल्या पोटाचे चोचले आहेत, एसीत बसून सुचणारे.’

आधी चूक कबूल करते, कारण ती झालीय. मी लिहिलं होतं की सगळ्याच फोनमध्ये स्प्रिंगवर बसवलेलं वजन पुढेमागे हलतं. ते बरोबर नाही. तसं वजन असतं एलआरए नावाच्या मोटरच्या प्रकारात, जो महागड्या फोनमध्ये येतो, पटकन सुरू होतो आणि पटकन थांबतो. स्वस्त फोनमध्ये बहुतेक वेळा ईआरएम असते, म्हणजे छोटी गोल फिरणारी मोटर आणि तिच्या दांड्याला एका बाजूला लावलेलं वजन. ती फिरायला लागायला वेळ घेते आणि बंद केल्यावरही जराशी घरंगळत राहते. मूळ लेखात दुरुस्ती केलीय आणि तुमच्यामुळे केली असंही लिहिलंय. पण ‘साधं गुगल केलं असतं तरी कळलं असतं’ हे वाक्य टाकायची काय गरज होती? मी ऐरोलीत आठ वर्षं मोबाइल ॲप टेस्टिंग करतेय, दिवसभर हातात चार-पाच फोन असतात. लिहिताना गडबड झाली, माणसाची होते. तेवढंच सांगितलं असतंत तर मी थँक्यू म्हणून मोकळी झाले असते.

आता डोअरबेलचं. हे वाक्य मी चार वेळा वाचलं. आधी वाटलं सोडून द्यावं, पण ‘चोचले’ हा शब्द काही केल्या गळ्याखाली उतरेना.

काका, तुम्ही माझ्यापेक्षा मोठे आहात, म्हणजे मिस्ड कॉलचा जमाना तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलाय. २००३मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि त्यानंतर कितीतरी वर्षं आपण सगळ्यांनी काय केलं? एक रिंग देऊन कट म्हणजे पोहोचलो. दोनदा दिली म्हणजे खाली ये, मी गेटवर आहे. आमच्या शेजारच्या मावशींकडे मुलाचा मिस्ड कॉल आला की त्या कुकर लावायच्या, कारण तो डोंबिवली सुटल्यावरच द्यायचा. फोन एकदाही उचलला जात नव्हता, एक शब्द बोलला जात नव्हता, आणि वरणभात मात्र वेळेवर गरम असायचा. रिंग म्हणजे नुसती रिंगच होती ना? मग तो निरोप कुठून आला? दोघांनी आधी ठरवलं होतं त्यातून आला. भाषा अशीच होते, दोन माणसांनी ठरवलं की होते. तारेच्या मोर्स लिपीचं तरी वेगळं काय होतं, कट्ट आणि कड्ड एवढे दोनच आवाज, आणि त्यावर अख्ख्या देशाच्या मयताच्या नि नोकरीच्या बातम्या फिरल्या. तारेच्या ऑपरेटरला तर पलीकडे कोण बसलंय हे त्याच्या हाताच्या ठेक्यावरून ओळखू यायचं. खटक्याला खटका म्हणून सोडून दिलं असतं तर हे काही झालंच नसतं.

आणि एसी, भरलं पोट वगैरे. घरातलं सांगायचं नव्हतं, पण तुम्ही ते काढायला लावलंत.

माझे बाबा ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात २६ वर्षं पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्र्यावर ठोका मारणाऱ्या यंत्रावर होते. शेडमध्ये अकरा प्रेस, पत्र्याचं छप्पर, आणि कानात घालायला कोणी काही दिलं नव्हतं. बाबा कापसाचा बोळा घालायचे. अशा आवाजाने कान एकदम जात नाहीत, आधी वरच्या पट्टीतलं जातं. बाबांच्या ऑडिओग्रामच्या, म्हणजे कानाच्या तपासणीच्या कागदावर ४००० हर्ट्झपाशी रेघ विहिरीत पडल्यासारखी खाली गेलेली मी बघितलीय. त्या पट्टीत स, श, फ असले आवाज असतात. म्हणजे कोणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही, आणि ‘सात’ म्हटलं की ‘आठ’ ऐकू येतं. आता तर तेवढंही राहिलेलं नाही. मशीन लावलं तर लोकलमध्ये गाडीचाच आवाज मोठा होऊन येतो, म्हणून ते घरीच डबीत पडलेलं असतं. मेसेज वाचायचा तर चष्मा हवा, चष्मा काढायला हात मोकळा हवा, आणि ट्रान्सहार्बरला, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईला जाणाऱ्या लोकलला, संध्याकाळी हात मोकळा असतो का ते तुम्हीच सांगा, तुम्ही त्याच लाइनीवर राहता.

बाबा दर मंगळवारी ठाण्याहून कोपरखैरणेला आत्याकडे जातात. अनाउन्समेंट ऐकू येत नाही, गर्दीत खिडकीबाहेरचं दिसत नाही, म्हणून ते गाडी किती वेळा थांबली ते मोजायचे. ऐरोली, रबाळे, घणसोली, चौथं आपलं. वर्षानुवर्षं चाललं. मग जानेवारी २०२४मध्ये दिघा गाव स्टेशन सुरू झालं, मधे एक थांबा वाढला, आणि बाबा चौथ्या थांब्याला उतरले ते घणसोलीला. ते नवीन स्टेशन आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, पण त्यांना सांगायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. पाऊण तास प्लॅटफॉर्मवर उभे होते. कोणाला विचारावं तर उत्तर ऐकू येणार नाही, त्याची लाज वाटते म्हणून विचारलंही नाही. त्या रात्री ते जेवताना काही बोलले नाहीत.

त्यानंतर मी ते छोटं ॲप केलं, ज्याचा लेखात एका ओळीत उल्लेख आहे आणि तुम्ही ज्याला खेळणं म्हणालात. अँड्रॉइडमध्ये मोटरला किती मिलिसेकंद चालू आणि किती बंद अशी यादी देता येते, त्यावर ते चालतं. माझ्या फोनवर अख्खी स्क्रीन म्हणजे एकच बटण, मी जसं ठोकेन तसा बाबांचा फोन शर्टाच्या खिशात थरथरतो. पहिल्या दिवशी किचनच्या टेबलाशी बसलो. मी दोन छोटे ठोके दिले, बाबा म्हणाले एक. तीन दिले, म्हणाले एकच पण जरा लांब. तेव्हा मला कळेना काय चुकतंय. आता कळतंय, तुम्ही दाखवलेली तीच चूक! बाबांच्या स्वस्त फोनची मोटर थांबायच्या आतच पुढचा ठोका सुरू होत होता, सगळं एकमेकांत मिसळत होतं. उपाय बाबांनीच सांगितला. टेबलावर तळहात आपटून म्हणाले, ‘प्रेससारखं दे. स्ट्रोक, मग दम. स्ट्रोक, मग दम.’ प्रेस बिघडणार असली की यांना कानाआधी पायाला कळायचं, तळव्यातून, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय, पण त्याचा अर्थ त्या दिवशी कळला. मी ठोका ४०० मिलिसेकंदांचा केला, मधला दम ३०० चा. पाचपैकी पाच बरोबर.

आता असं चालतं: बाबा लाइव्ह लोकेशन चालू ठेवून निघतात, मी ऑफिसमधून बघते. घणसोली सुटलं की मी दोन ठोके देते, म्हणजे दाराकडे सरका. उतरल्यावर ते फोन काढतात आणि स्क्रीनवर कुठेही बोट दाबून धरतात. माझ्या खिशात एक लांब थरथर येते. मीटिंग चालू असली तरी येते, कोणाला कळत नाही, आणि मी परत समोरच्याचं बोलणं ऐकायला लागते. काका, तुमच्या मते ती डोअरबेल आहे. माझ्या मते ते ‘उतरलो गं’ आहे, आणि ते बाबांच्याच आवाजात येतं.

यात माझं डोकं काही फार मोठं नाही, लोकांनी हे आधीच केलंय. लोर्म नावाचा एक ऑस्ट्रियन लेखक होता, त्याचे आधी कान गेले, मग डोळे. त्याने १८८१मध्ये तळहातावरची लिपी बनवली. पाच बोटांच्या टोकांवर पाच स्वर, बाकीची अक्षरं कुठे टिचकी मारून, कुठे रेघ ओढून. ही बोटाने ओढलेली रेघ म्हणजे आजच्या भाषेत स्वाइपच. बर्लिनमध्ये त्यावरून हातमोजा केला गेला, त्यातून मेसेज जातो आणि तळहातावर थरथरत येतो. इतकं लांब नको असेल तर सॅमसंगने २०१९मध्ये सेन्स इंटरनॅशनल इंडियासोबत इथेच, भारतात, ‘गुड व्हाइब्ज’ नावाचं ॲप काढलं. बहिरांध माणूस स्क्रीनवर मोर्समध्ये ठोकतो, समोरच्याला ते अक्षरांत किंवा आवाजात मिळतं, आणि त्याचं उत्तर थरथरीतून परत येतं. आणि त्याहून जवळ हवं तर महापे. हेलन केलर इन्स्टिट्यूटचं केंद्र तिथे आहे, ही संस्था मुंबईत १९७७मध्ये सुरू झाली, बहिरांध मुलांसाठी देशातली पहिली. तिथल्या मुलांच्या हातावर शिक्षक हातानेच बोलतात. कोपरखैरणेहून रिक्षाने जाता येतं. त्या मुलांचे हे चोचले आहेत का? त्यांच्या आईसमोर उभं राहून म्हणाल?

हे जरा जास्त लागेल असं झालं, पण काढून टाकत नाही. एसीत बसून सुचतं असं तुम्ही मला न ओळखता लिहिलंत. आमच्याकडे एसी बाबांच्या खोलीत गेल्या वर्षी बसला, तोही हप्त्यावर.

राहता राहिलं शरीराचं, कारण थरथर कळतच नाही असंही तुम्ही मधे कुठेतरी म्हटलंय. कातडीच्या आत खोल पाचिनियन कॉर्पसल नावाच्या कांद्यासारखे पदर असलेल्या गाठी असतात, त्यांचं कामच थरथर ओळखणं. २०० ते ३०० हर्ट्झच्या आसपास त्या सगळ्यात तिखट असतात, आणि चांगल्या फोनची मोटर साधारण त्याच भागात चालते. वयाने ही जाणीव कमी होते, खरंय, म्हणून तर ठोका लांब ठेवावा लागतो.

ॲपलबद्दल: हो, २०१५च्या घड्याळात ठोके आणि हृदयाची धडधड पाठवायची सोय होती, पुढच्या वर्षी ती आयफोनच्या मेसेजमध्येही आली. फार लोकांनी वापरली नाही, मान्य. मग? बाजारात चाललं नाही म्हणजे गरज नव्हती असं नसतं. तो विषय इथेच सोडते.

जेश्चर सापडत नाहीत हा तुमचा मुद्दा मोठा आहे असं दोघातिघांनी खाली लिहिलंय. असेल. व्हॉट्सॲपवर मेसेज उजवीकडे ओढला की त्यालाच उत्तर देता येतं हे आईला दोन वर्षं माहीत नव्हतं. पण बोट ओढून होणारं काम साध्या टॅपनेही व्हायला हवं असा नियम डब्ल्यूसीएजी २.१मध्ये, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून केलेल्या नियमावलीत, २०१८पासून आहे, तो पाळला की झालं. मी ज्या खुणांबद्दल लिहितेय त्या दोन माणसांनी बसून ठरवलेल्या आहेत, त्या कोणाला शोधाव्या लागत नाहीत. मराठी कीबोर्ड आधी नीट करा वगैरे जे लिहिलंय ते मला सांगून काय उपयोग, मी कीबोर्ड बनवत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी डिलीट करणार नाही, आहे तशी राहू दे. दोघांनी ती काढायला सांगितली होती, त्यांनाही हेच सांगितलंय. फक्त तो एक शब्द तुम्ही मागे घेतलात तर मला बरं वाटेल.

आणि खरंच बघायचं असेल तर कळवा. बाबा मंगळवारी साधारण साडेपाचला तुमच्याच स्टेशनवर उतरतात. मी त्यांना विचारते, ते नाही म्हणणार नाहीत, उलट फोन तुमच्या हातात देऊन किती ठोके आले ते तुम्हालाच ओळखायला लावतील. फक्त त्यांच्यासमोर चोचले म्हणू नका. ऐकू येत नसलं तरी ओठ वाचतात ते.