मॉरिशस की मालदीव? फिरायला नाही, राहायला!

आपल्याकडे ही दोन नावं एकत्र येतात ती हनिमून पॅकेजमध्ये. पण तिथेच जन्मलेला, पगारावर घर चालवणारा माणूस कसा जगतो हे कोणी विचारत नाही, आणि मला तर तेच महत्त्वाचं वाटतं.

दरडोई उत्पन्न बघाल तर दोन्ही देश आपल्या कितीतरी पुढे आणि एकमेकांच्या बरेच जवळ. खरा फरक जमिनीचा आहे. मालदीवमध्ये जवळपास 1200 बेटं, वस्ती 200 पेक्षाही कमी बेटांवर, मग प्रत्येक बेटावर स्पेशालिस्ट डॉक्टर, कॉलेज आणणार कुठून? म्हणून सगळे राजधानी मालेला येतात आणि दोनेक चौरस किलोमीटरच्या त्या शहरात माणसावर माणूस. माझा मावसभाऊ तिथे अकाउंट्समध्ये आहे, त्याने व्हिडिओ कॉलवर खोली दाखवली, भिंतीला लागून बंक बेड, मध्ये एक माणूस जेमतेम उभा राहील एवढी जागा, कपडे खिडकीच्या ग्रिलला. बरं तो तर बाहेरचा, पण वरच्या मजल्यावर तिथलंच एक कुटुंब आजीआजोबांसकट दोन खोल्यांत राहतंय, बेटावर स्वतःचं अंगणाचं घर असताना, कशासाठी तर मुलांच्या शाळेसाठी! डिसेंबर 2014 मध्ये समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटला आग लागली तर अख्ख्या मालेचे नळ बंद, भारताने विमानांनी आणि जहाजांनी पाणी पाठवलं होतं.

मॉरिशसचं मुख्य बेट एकच, बसने कुठूनही कुठेही जाऊन संध्याकाळी घरी परत. विद्यार्थ्यांना आणि म्हाताऱ्यांना 2005 पासून बस फुकट, माध्यमिक शिक्षण 1977 पासून फुकट, सरकारी दवाखाने फुकट. आणि हा देश काही श्रीमंत जन्मला नव्हता हो, फक्त ऊस होता, जेम्स मीडसारख्या अर्थतज्ज्ञाने 1961 च्या सुमारास याचं काही खरं नाही अशाच सुरात लिहिलं होतं. नंतर कापडाचे कारखाने आले, टुरिझम आलं, बँका आल्या, पण पैसा शाळा-दवाखान्यांत गेला हे मला जास्त मोठं वाटतं. आपली गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेली मजूर मराठी माणसं तिथे मळ्यांत राबायला गेली, आज त्यांच्या पतवंडांना शाळेत मराठी विषय घेता येतो, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. मालदीवमध्ये तर मुस्लिम नसलेल्याला नागरिकत्वच मिळत नाही, माझ्यासाठी इथेच निम्मा निकाल लागतो.

पण मालदीवचं एक मानलंच पाहिजे. एवढी विखुरलेली बेटं असूनही 2015 मध्ये मलेरियामुक्त झाल्याचं प्रमाणपत्र मिळवलं, आणि सरासरी आयुर्मान ऐंशीच्या घरात आहे. मॉरिशस मात्र पंच्याहत्तरच्या आसपासच अडकलंय, मोठ्या माणसांत साधारण पाचातल्या एकाला डायबेटिस, फुकट दवाखाने असून ही अवस्था.

तरी राहायला कुठे म्हणाल तर मी मॉरिशसच म्हणेन, आणि म्हणूनच तिथल्या 2025 च्या बजेटमध्ये सरसकट सगळ्यांना मिळणारी पेन्शन साठऐवजी हळूहळू पासष्टवर न्यायचं ठरलं ते मला पटलेलं नाही. म्हातारे वाढतायत, तिजोरीवर भार पडतोय, हे कळतं. पण आयुष्यभर उसात किंवा शिलाई मशीनवर राबलेल्या, शुगर असलेल्या बाईला अजून पाच वर्षं थांब म्हणायचं? लोक रस्त्यावर उतरले ते बरोबरच केलं.